एकाच झाडाचे चार फोटो



आमच्या यांच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार झाला. कडेचं दिसतं, मधलं पुसट होत चाललंय. आम्ही जन्मभर नर्सची नोकरी केली, त्यामुळे ठाऊक होतं की इंजेक्शनांनी आजार थोपतो, पण गेलेली नजर पुरती परत येत नाही. तेव्हा दोघांनी ठरवलं, दिसतंय तोवर एखादं जंगल वर्षभर बघायचं, फोटो काढायचे.

उत्तरेला अलोने अब्बाजवळ ताबोर ओकचं राखीव जंगल आहे. असली झाडं पूर्वी शारोनच्या मैदानातही दाट होती. पहिल्या महायुद्धात तुर्कांच्या आगगाड्यांच्या सरपणासाठी त्यांतली पुष्कळ तुटली.

आम्ही एक झाड निवडलं. दर वेळी त्याच खडकावरून, सकाळी नऊला फोटो. जागा बदलली की ऋतूंची तुलना होत नाही.

सुकोतनंतर गेलो तर पानं हिरवीच, खाली टोपीवाले बलूत पडलेले. तेवेतमध्ये तीच पानं पिवळी, तपकिरी. हा रंग ढगाळ दिवशी खरा येतो, भर उन्हात फिका पडतो.

तू बिश्वातला, घरी मलिदा झाल्यावर, नातवाला घेऊन गेलो. झाड अगदी उघडं!

"आजी, मेलं का गं?"

फांदी मोडायला मनाई. म्हणून डहाळीच्या टोकाचा फोटो जवळून काढला, मोठा करून दाखवला. "हे बघ डोळे. यांतून पानं येणार."

आपल्या कोकणात साग पाणी वाचवायला उन्हाळ्याआधी पानं टाकतो आणि पावसात पालवतो. इथे सगळं उलटं! पाऊस हिवाळ्यात, आणि झाड नेमकं तेव्हाच थंडीमुळे उघडं. कोरडा उन्हाळा मात्र ते हिरव्या पानांनिशी काढतं, कारण मुळं खोल. पानं नसली की ऊन जमिनीपर्यंत पोचतं, खाली लाल कलानियोत फुलतात. त्यांचा फोटो जमिनीशी बसून घ्यावा लागतो. आमचे गुडघे नाही म्हणाले, नातवाने घेतला.

पेसाखच्या आधी कोवळी पानं आली होती. सूर्य पानांच्या मागे ठेवला की शीर न् शीर दिसते. उन्हाळ्यात गेलोच नाही, ऊन सोसवत नाही.

परवा चारही फोटो टीव्हीवर लावले. यांनी मान जराशी वळवून, डोळ्याच्या कडेने एकेक पाहिला. तू बिश्वातच्या फोटोपाशी थांबून म्हणाले, "डोळे दिसतायत हो."

सुकोतनंतर पुन्हा जायचं आहे. खडकावर तिघं मावतो.