किमतीचा कोरा रकाना

वेबसाइटवर पौंडासाठी एक चौकट, पेन्ससाठी दुसरी, दोन्ही कोऱ्या. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक केलं की उत्तर यायचं: तुम्ही ठरवा. पुन्हा केलं तर: अहो खरंच, तुम्हीच ठरवा!

हा प्रकार ऑक्टोबर 2007 मधला. इंग्लंडच्या रेडिओहेड या बँडचा ईएमआय कंपनीशी असलेला करार संपला होता आणि ‘इन रेनबोज’ हा दहा गाण्यांचा अल्बम हातात तयार होता. 1 तारखेला गिटारवादक जॉनी ग्रीनवूडनं घोषणा केली, 10 तारखेला गाणी श्रोत्यांकडे पोचली. शून्य लिहिलं तरी चालायचं. उलट पैसे देणाऱ्यालाच कार्डाच्या व्यवहाराचे 45 पेन्स वर भरावे लागत. फुकट्याला माफी, देणाऱ्याला भुर्दंड!

तरी लोकांनी पैसे दिले. आपल्या तमाशातली दौलतजादाही रसिकाच्या मर्जीचीच. पण तिथं देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं, सगळा तंबू ते ऐकतो. इथं बघायला कुणीच नाही. घरात एकटा बसलेला माणूस, शून्याची मुभा असताना, मुकाट्यानं चार-पाच पौंड लिहितो. का?

कॉमस्कोअर या पाहणी कंपनीच्या मते 62 टक्के लोकांनी दमडीही दिली नाही. बँडनं तो आकडा नाकारला. पण पुढच्या वर्षी त्यांच्या गीतांचे हक्क सांभाळणाऱ्या वॉर्नर चॅपेलनं जे सांगितलं ते चक्रावणारं होतं: आधीच्या ‘हेल टू द थीफ’नं एकूण जेवढं मिळवून दिलं, त्याहून जास्त ‘इन रेनबोज’नं सीडी दुकानात येण्याआधीच दिलं. मधल्या कंपनीचा वाटाच नव्हता ना! शिवाय 40 पौंडांचा खास संचही बँड स्वतःच विकत होता. जानेवारी 2008 मध्ये तीच गाणी ठरलेल्या किमतीच्या सीडीवर ब्रिटन आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. अर्थात, नाव आधीच गाजलेलं होतं. नवख्या गायकानं याच्या भरवशावर नोकरी सोडू नये.

खरी गंमत चोरांची. एरिक गार्लंड आणि विल पेज यांच्या अभ्यासानुसार पहिल्याच दिवशी टोरंटवरून सुमारे 4 लाख चोरटी डाउनलोड झाली. जे राजरोस फुकट मिळत होतं, ते! कारण साधं: पावलं सवयीच्या वाटेनंच गेली. तिथं ना ईमेल द्यावा लागत होता, ना कोऱ्या चौकटीपुढं विचार करावा लागत होता.

2011 चा पुढचा अल्बम, ‘द किंग ऑफ लिम्ब्स’, बँडनं पुन्हा स्वतःच्याच वेबसाइटवर विकला. किंमत मात्र आधीच छापलेली होती.