व्यसनप्रतिबंधाचा पैसा वसूल होतो का?

मुलांना अमली पदार्थांचे धोके बजावून सांगितले की ती व्यसनापासून दूर राहतात, असा समज सर्वत्र आहे. म्हणूनच दर २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, शाळाशाळांतून फेऱ्या निघतात, शपथा होतात. या समजाची एक महागडी परीक्षा अमेरिकेत झाली.

१९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘डेअर’ हा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातला पोलीस पाचवी-सहावीच्या वर्गावर येई आणि नकार कसा द्यायचा ते शिकवी. पालक खूश, शिक्षक खूश. बघता बघता तो देशभर पसरला. २००३ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने त्याच्या दीर्घकालीन पाहण्या तपासल्या. ‘डेअर’ शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांच्या व्यसनांत लक्षणीय फरक आढळला नाही. अमली पदार्थविरोधी जाहिरातींचीही तीच गत. १९९८ ते २००४ या काळात सरकारने त्यासाठी १२० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली, पण गांजाचा वापर त्यामुळे घटल्याचं दिसलं नाही. उलट, जाहिराती जास्त पाहिलेल्या मुलांना ‘बाकीचे ओढतातच’ असं वाटू लागल्याच्या खुणा सापडल्या.

मग प्रतिबंधावरचा सगळाच पैसा पाण्यात जातो का? मुळीच नाही.

अमेरिकेतल्याच बाल्टिमोरमध्ये १९८५-८६ साली पहिलीच्या काही वर्गांत एक खेळ सुरू झाला. नियम वर्गात लावलेले, मुलांचे संघ पाडलेले. कुणी मध्येच उठलं, ओरडलं की त्याच्या संघापुढे खूण. ठरलेल्या वेळात चार किंवा कमी खुणा असलेले सगळे संघ जिंकत. यात दारूचा किंवा गांजाचा शब्दही नव्हता. तरी ही मुलं विशीत आली तेव्हा, विशेषतः पहिलीत फार आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये, व्यसनाधीनता कमी दिसली. सहा वर्षांच्या मुलाला थांबायला शिकवणं हाच तिथे व्यसनप्रतिबंध ठरला, आणि हे प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने ध्यानात घ्यावं.

अमेरिकेतल्याच आयोवा राज्यात एका व्यसनप्रतिबंध कार्यक्रमासाठी आई-वडील आणि १० ते १४ वर्षांची मुलं सात संध्याकाळी एकत्र येत. तासभर दोघांचे वर्ग वेगळे, पुढचा तास एकत्र. पुढे किती जणांचं दारूचं व्यसन टळेल, एवढाच हिशेब संशोधकांनी मांडला; तरी एका डॉलरमागे सुमारे ९.६० डॉलर परत येतील असा अंदाज निघाला.

पण जो खर्च करतो त्यालाच बचत दिसते, हाही गैरसमजच. खर्च शाळेच्या खात्यावर आज पडतो. वाचलेला पैसा दहा-पंधरा वर्षांनी रुग्णालयात, कोर्टात, कारखान्यात आणि घरात दिसतो. त्यामुळे अंदाजपत्रकात कात्री याच कलमाला आधी लागते.

प्रतिबंध केला की उपचारांवरचा खर्च कमी करता येईल, असंही कुणी मानू नये. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात दारूच्या त्रासातून सुटायला मदत हवी असलेले ५.७ कोटी लोक आहेत. त्यांना आज खाट, औषध आणि समुपदेशक लागतो.