राबाची आग आणि मूत्रपिंडाची राखण

शहापूर-मुरबाडकडील भातशेती ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस राब भाजण्याची रीत ठाऊक असेलच. उन्हाळ्यांत रोपांच्या जागेवर फांद्या, पालापाचोळा व शेण पसरून शेतकरी तें पेटवितो. तणाचें बीं जळतें व जमीन रोपास तयार होते. परंतु हिरवी डहाळी घेऊन बांधावर उभा राहणारा राखणदार नसेल, तर तीच आग शेजारची गंजी गिळावयास वेळ लावीत नाहीं!

आपल्या रक्तांतहि असा एक अग्नि अहोरात्र धुमसत असतो. त्यास ‘काँप्लिमेंट’ म्हणतात. आम्ही ‘पूरक प्रथिनें’ म्हणूं. रोगप्रतिकारविषयक ज्या शोधांबद्दल बेल्जियमच्या ज्यूल बोर्दे यांस १९१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांत यांचाहि समावेश होतो. हीं तिसांहून अधिक प्रथिनें एकमेकांस चेतवून जंतूंचा नाश करतात. मात्र त्यांतील ‘सी-तीन’ जंतूंप्रमाणें आपल्या पेशींवरहि चिकटतें. मग आपण वांचतों कसे?

यकृतांत तयार होणारें ‘फॅक्टर एच’ हा येथील राखणदार. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरील शर्करायुक्त लेपावरून तो आपपर ओळखतो आणि ‘फॅक्टर आय’च्या साह्यानें सी-तीन निकामी करतो. संस्कृतांत ज्यास निग्रह म्हणतात, तो हाच.

प्रत्येक मूत्रपिंडांत केशवाहिन्यांच्या सुमारें दहा लक्ष गाळण्या असतात. तेथें राखण ढळली, कीं अस्तर दुखावतें, बारीक गुठळ्या बनतात, तांबड्या पेशी फुटतात व गाळणें मंदावतें. ‘एटिपिकल हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम’ तो हा विकार. कांहींत दोष जन्मजात असतो. भारतांतील अशा मुलांपैकीं निम्म्याच्या आसपास मुलांत मात्र शरीर स्वतःच फॅक्टर एच विरुद्ध प्रतिपिंडें निर्माण करतें. राखणदारासच घरच्यांनीं बांधून ठेवावें, तसें!

सुदैवानें यावर उपाय आहे. रक्तद्रव बदलून तीं प्रतिपिंडें काढतां येतात व औषधांनीं त्यांची निपज आवरतां येते. पूरक प्रथिनांस थेट रोखणारें ‘एक्युलिझुमॅब’ २०११ पासून या विकारावर वापरलें जातें. पण तें फार महाग आहे.

म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांस आमची विनंती एवढीच: मूल एकाएकीं फिकट दिसूं लागलें, तोंडावर सूज आली, लघवी कमी वा काळपट झाली, तर कावीळ समजून झाडपाल्यांत दिवस दवडूं नयेत. त्याच दिवशीं रक्त व लघवी तपासून घ्यावी. गांव दूर असेल, तर अधिकच घाई करावी. राखण लौकर परत उभी राहिली, तर मूत्रपिंड वांचूं शकतें.