कर्जदाराच्या हातचा कागद

१२ मे १८७५ हा पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचा बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतून आलेल्या कुणब्यांनी त्या दिवशी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली, आणि मागितले ते कर्जाचे रोखे आणि हिशेबाच्या वह्या. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हेच घडले. सावकाराने कागद काढून दिले, तिथे सहसा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. कागदांची होळी झाली आणि लोक पांगले. चौकशीला नेमलेल्या दख्खन दंगे आयोगालाही ही गोष्ट नोंदवावीशी वाटली.

राग कागदावरच का निघाला, हे त्या काळच्या व्यवहारात शिरल्याशिवाय उमगत नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० नंतर इथल्या कापसाला चढा भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिले. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास फेरआकारणीत सारा वाढला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्यावरचा दावा तीन वर्षांत लावण्याचे बंधन घातलेले. ऋणकोच्या हिताची वाटणारी ही तरतूद त्याच्यावरच उलटली. मुदत सरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई आणि साचलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसे. वाचता न येणाऱ्याने अंगठा उठवला की कोर्टापुढे तेवढाच पुरावा. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या जोरावर कर्जदाराचे घर पाडायला घेतले, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. पाच महिन्यांनी सुपे पेटले.

या उठावातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत तो आधी लागू झाला. सहीच्या पलीकडे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार त्याने न्यायाधीशाला दिला, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करणे बंद केले. त्या कायद्यात उणिवा होत्या, पळवाटा तर पुष्कळ निघाल्या. तरी कागद सावकाराचा असला म्हणून सत्यही त्याचेच असे नाही, हे तत्त्व तेव्हा कायद्याच्या पुस्तकात शिरले. आज वसुलीच्या फोनने घाबरलेल्या प्रत्येक माणसाला मला हेच सांगायचे आहे. आपल्या कर्जाचा कागद मागा, वाचा आणि जपून ठेवा. भीती बहुतेक वेळा कागद न पाहिल्यामुळे वाढते.

सर्वांत मोठी भीती तुरुंगाची. ‘उद्या पोलीस घेऊन येतो’ हे वाक्य वसुलीवाले सर्रास वापरतात. कर्जाचा हप्ता थकणे हा गुन्हा नाही, तो दिवाणी मामला आहे. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले, की केवळ पैसे नाहीत म्हणून कोणालाही दिवाणी कैदेत टाकता येणार नाही. ऐपत असून फेडायचे टाळले, असा अप्रामाणिकपणा दिसला पाहिजे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही. फसवणूक करून कर्ज उचलले असेल तर गोष्ट वेगळी. आणि दिलेला धनादेश वटला नाही तर फौजदारी खटला होऊ शकतो. धनादेशाबद्दलची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरण्याची संधी असते. ती नोटीस आणि पुढचे समन्स कधीही दुर्लक्षू नका.

दुसरी भीती घरातले सामान उचलून नेण्याची. जप्ती करतो तो न्यायालयाचा बेलिफ किंवा कायद्याने नेमलेला वसुली अधिकारी. कंपनीने पाठवलेल्या माणसाला तो अधिकार नाही. हुकूमनामा झाल्यावरसुद्धा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मुळे काही वस्तूंना हात लावता येत नाही: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेपुरती जनावरे आणि बियाणे. शेतकऱ्याचे राहते घरही त्यात येते. मात्र तेच गहाण दिले असेल तर हे संरक्षण मिळत नाही. गृहकर्जात तारण घराचा ताबा बँक घेऊ शकते, पण आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते, तुमच्या लेखी हरकतीला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. बँकेला ताब्याचा हा अधिकार देणारा २००२ चा कायदा शेतजमिनीला लागूच होत नाही.

आता दाराशी येणाऱ्या माणसाबद्दल. २००८ पासून रिझर्व्ह बँकेचे म्हणणे असे, की बँकेच्या वसुली एजंटाजवळ ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र असले पाहिजे. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास, सतत फोन करून भंडावण्यास, निनावी धमक्यांस, चारचौघांत अपमान करण्यास आणि नातेवाईक-मित्रांना त्रास देण्यास मनाई केली. २००८ च्याच सूचनांमध्ये फारशी कोणाला ठाऊक नसलेली एक तरतूद आहे. कर्जदाराने तक्रार नोंदवली असेल, तर तिचा निकाल लागेपर्यंत बँकेने ते प्रकरण सहसा वसुली एजंटाकडे सोपवू नये. म्हणून फोनवर तासभर वाद घालण्यापेक्षा शाखेत दोन ओळींचा लेखी अर्ज देऊन त्याची पोहोच घेणे कितीतरी मोलाचे.

सर्वांत जास्त बोलायला हवे ते गावोगावच्या महिला गटांच्या कर्जाबद्दल. आठवड्याची किंवा पंधरवड्याची मीटिंग, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायकांना बसवून ठेवायचे, मग त्याच बायका तिच्या दारात. बाईची अब्रूच इथे तारण ठेवलेली असते, आणि मला ही पद्धत क्रूर वाटते. रिझर्व्ह बँकेच्या १४ मार्च २०२२ च्या मायक्रोफायनान्स निर्देशांनुसार वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या ठिकाणी व्हायची; कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तिथे आली नाही, तरच घरी जाता येते. फोनची वेळ इथे आणखी आखूड, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. नाव जाहीर करणे, शिवीगाळ, नातलगांना छळणे आणि कर्ज न फेडल्यास काय होईल याबद्दल खोटे सांगणे, सगळ्याला बंदी आहे. घरातल्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, अशी मर्यादाही आहे. चौथे-पाचवे कर्ज त्याच बाईच्या पदरात टाकणाऱ्याला हा नियम कोणी विचारत नाही. विचारला पाहिजे.

जुने कर्ज फेडायला नवे घेण्याचा सल्ला देणारेही भेटतात. थकलेले व्याज नव्या कर्जात मुद्दल होते. दीडशे वर्षांपूर्वीचा नवा रोखा याहून वेगळा नव्हता. विनातारण कर्जावरचा दावा आजही साधारण तीन वर्षांतच लावावा लागतो. मुदत संपण्याआधी लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरली की ती मुदत नव्याने सुरू होते. म्हणून सही करण्याआधी विचारा, हा कागद कशाचा?

खासगी सावकाराकडून घेतलेल्या पैशासाठी महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या वर्षी ठरवलेले दर असे: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२, इतरांना १५ आणि १८. महिना दहा टक्क्यांनी पैसे देणारा वर्षाचे १२० टक्के घेत असतो. दामदुपटीचा जुना नियमही या कायद्यात टिकून आहे; मुद्दलाहून जास्त व्याज सावकाराला वसूल करता येत नाही. कर्जापोटी जमिनीचे खरेदीखत लिहून घेतले असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. १५ वर्षांच्या आतला असा व्यवहार चौकशीत सावकारीचा ठरला, तर खरेदीखत रद्द करून जमीन परत देण्याचा आदेश तो काढू शकतो.

पतसंस्थेचे कर्ज किंवा कोणाची जामीनकी असेल तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ च्या नोटिशीला हजर राहा. वसुली दाखला एकदा निघाला की त्याविरुद्ध वर दाद मागताना निम्मी रक्कम आधी भरावी लागते. हिशेबावरची हरकत पहिल्याच सुनावणीत घ्यावी. लोकअदालतीच्या नोटिशीने घाबरणारेही खूप. तिथे शिक्षा होत नाही, दोघांच्या संमतीनेच तडजोड होते. मात्र सही केलेल्या तडजोडीवर अपील नाही, तेव्हा झेपेल तेवढ्याच आकड्याला होकार द्यावा.

घरातला कर्ता गेला की वसुलीवाले मुलांकडे वळतात. वडिलांचे ऋण मुलाने फेडावे ही भावना आपल्याकडे खोल आहे आणि तिचा मी आदर करतो. कायदा मात्र मुंबई इलाख्यात १८६६ पासूनच सांगत आला, की वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. मुलगा स्वतः जामीनदार किंवा सहकर्जदार नसेल, तर त्याच्या पगाराला हात लावता येत नाही.

घेतलेले पैसे परत करायचे असतातच. बहुतेक कर्जदारांना ते करायचे असते, फक्त त्यांना वेळ आणि माणुसकी हवी असते. बँकेने किंवा फायनान्स कंपनीने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. माहितीचा क्रमांक १४४४८. धमकी किंवा मारहाण झाली तर त्याच दिवशी पोलीस ठाणे गाठावे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरण उत्पन्न न पाहता मोफत वकील देते. तिथला क्रमांक १५१००. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांवर असे कर्ज नसेल. पण तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या, शेजारच्या रिक्षावाल्या दादांच्या पिशवीत एखादी न वाचलेली नोटीस असू शकते. तेवढी त्यांच्यासोबत बसून वाचा, आणि उत्तराचा अर्ज लिहून द्या.