पायथ्याची पावती

सह्याद्रीतल्या पायवाटांशी सरकारचा संबंध दोन हजार वर्षांचा आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळात कातळ फोडून वाट काढली गेली, वाटसरूंसाठी पाण्याची टाकी खोदली गेली, लेण्यात लेख कोरला गेला. माथ्यावर दगडी रांजण अजून उभा आहे. जकात त्यात टाकत असत, असं सांगतात. आधी वाट नीट करायची, मग पैसे मागायचे, हा व्यवहार राज्यकर्त्यांना तेव्हा कळत होता.

मग आलं १८१८. पेशवाई बुडाली आणि कंपनी सरकारने नाशिककडच्या किल्ल्यांचे जिने सुरुंग लावून उडवले. अख्खा तट पाडण्यापेक्षा वाट तोडणं स्वस्त पडतं. अलंग आणि मदन चढताना आज दोर लागतो, तो त्यामुळेच. हरिहरच्या खड्या कातळपायऱ्या तेवढ्या बचावल्या. रविवारी तिथं लागणारी रांग पाहिली की वाटतं, गोऱ्या साहेबाला जमलं नाही ते आपण करून दाखवणार.

स्वातंत्र्यानंतर वाटा तोडायची गरज उरली नाही. त्या विसरल्या की पुरे होतं. घाटात डांबरी रस्ते आले. कोकणातून तांदूळ-मीठ घेऊन वर येणारी माणसं एसटीत बसली. १९७५ साली पर्यटन विकास महामंडळ स्थापन झालं. त्याची निवासं भंडारदऱ्याला, माळशेजला उभी राहिली, म्हणजे जिथं गाडी दारापर्यंत जाते तिथं. चालणारा माणूस या हिशेबात नव्हताच. तो मुंबई-पुण्याच्या गिरिभ्रमण मंडळांच्या भरवशावर, वाडीतल्या पिठलं-भाकरीवर डोंगर फिरत राहिला.

१९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. डोंगरावर वनखात्याचा अंमल जुनाच होता, आता नियमही कडक झाले. १९९६ मध्ये रायगडावर रोपवे आला, तोही खासगी कंपनीचा. वयस्क माणसांची सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत पश्चिम घाट गेला, त्यात कासचं पठारही होतं. तिथं गावकऱ्यांच्या वन समित्यांनी शुल्क घेऊन फुलं पाहायला येणारी गर्दी सांभाळायला सुरुवात केली. २०१७ मध्ये रायगडसाठी प्राधिकरण झालं, सहाशे कोटींहून मोठा आराखडा आला. नंतर कागद आले. २०१८ मध्ये साहसी उपक्रमांच्या सुरक्षेचा शासननिर्णय, २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण. ट्रेक नेणाऱ्या संस्थांनी नोंदणी करावी, हे रास्तच आहे. पण धोरणात संस्था आहे, प्रशिक्षक आहे, विमा आहे. वाट कोण राखतं, या प्रश्नाला जागा मिळाली नाही.

त्याचं उत्तर मला अकोले तालुक्यातल्या एका वाडीत मिळालं. दसरा होऊन गेला होता. पावसाळ्यात कारवी डोक्यावर वाढते आणि मळलेली वाटसुद्धा गिळून टाकते. पायथ्याला प्रवेशशुल्काची पावती फाडून आम्ही निघालो, तर पहिल्याच चढावर एक साठीतला माणूस कोयत्याने कारवी साफ करत होता. वळणावर त्याने तीन दगडांची उतरंडही रचली होती, कारण डावीकडची ढोरवाट सरळ कड्यावर जाते आणि पोरं तिथंच चुकतात. विचारलं, "मामा, याचे पैसे कोण देतं?" मामा हसले. "वाटेचे कसले पैसे? आम्हालाबी जायला लागतीच की." आमच्या खिशातली पावती त्यांच्यापर्यंत कधी पोचणार होती, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालच्या वाडीवर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्रं चढवता येईनात, म्हणून मदतीला गेलेल्यांनी कुदळ-फावड्यांनी माती उपसली. तिथं जाणारी वाट होती ती ट्रेकर्स रविवारी वापरतात तीच, चिखलाची आणि घसरडी. आपल्या हौसेची वाट कुणाची तरी रोजची वाट असते, हे त्या दिवसांत सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. पुढच्या पावसाळ्यात धबधब्यांवर आणि गडांवर मनाई आदेश निघाले. प्रशासनाला तेवढंच हाताशी असतं.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा झाले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. साल्हेर, राजगड, लोहगड इथली गर्दी आता आणखी वाढेल. माथ्यावर दिवे, फलक, रेलिंग यासाठी निधी येईल. माथ्याचा फोटो छान येतो. पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा घसारा मात्र फोटोत येत नाही.

आयर्लंडमध्ये २००८ पासून सरकार शेतकऱ्यांना पैसे देतं, कशाचे, तर आपल्या जमिनीतून जाणारी पायवाट राखण्याचे. आपल्याला तेवढं लांब जायची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी याच राज्याने सुरू केली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते या कामांवर झाले. कारवी तोडणं, पाण्याला चर काढून देणं, घसाऱ्यावर दगड बसवणं हेही कामच आहे, आणि दर पावसाळ्यानंतर करावं लागणारं आहे. निदान त्या अकरांतल्या डोंगरी किल्ल्यांच्या पायथ्याच्या वाड्यांपासून सुरुवात करा. दसऱ्याला कोयता घेऊन निघणाऱ्या त्या मामांचं नाव रोजगार हमीच्या मस्टरवर चढवा.