रोजा, राउंड आणि चंद्रपूरचा उन्हाळा

चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते २०१५ साली, शंभर जागांचं, जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या आधाराने. त्याआधी आमच्याकडच्या मुलाला डॉक्टर व्हायचं म्हणजे नागपूर, नाहीतर सेवाग्राम, आणि तिथे नंबर लागला नाही तर मिळेल ते गाव. मी नव्वदच्या दशकात नागपूरला शिकले. दीडशे किलोमीटरवरचं घर तेव्हा फार लांब वाटायचं, आणि मुस्लिम मुलीच्या बाबतीत ते अंतर नातेवाइकांच्या तोंडून आणखी वाढायचं. ‘इतक्या लांब एकटी?’ हा प्रश्न अब्बांना जेवढ्या वेळा विचारला गेला, तेवढ्या वेळा माझे मार्क कुणी विचारले नाहीत.

पुढे चंद्रपुरातच दवाखाना टाकला, आणि गेल्या दहा-अकरा वर्षांत ओळखीतल्या घरांमधली मुलंमुली गावातच राहून डॉक्टर होताना पाहिली. लोक विचारतात, दीन म्हणजे धर्म आणि मेडिकल दोन्ही जमतं का? विचारणाऱ्याने धरलेलं असतं की हा त्या मुलाच्या इमानाचा नाहीतर हुशारीचा प्रश्न आहे. मला ते पटत नाही. ड्युटीचा तक्ता कोण लावतो, ईदला बदली कोण उभा राहतो, घरचे लग्नाची तारीख धरताना परीक्षेचं वेळापत्रक पाहतात का, मशिदीत इमामसाहेब काय सांगतात, यावर ते जमणं न जमणं ठरतं. मुलाची मेहनत असतेच, पण तोल एकट्याने सांभाळला असं एकही उदाहरण मला आठवत नाही.

आमची संख्या थोडी आहे हेही लक्षात घ्यावं लागेल. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्यात मुस्लिम शंभरात चारांच्या आसपास, गडचिरोलीत दोनांच्या आसपास. कोळसा खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना, लाकडाचे डेपो, तेंदूपत्ता, ट्रक आणि गॅरेज यांच्यावर पोट असलेली ही घरं. घरात हिंदी-उर्दू मिसळलेली बोली, दाराबाहेर मराठी, सिरोंच्याकडे तेलुगूसुद्धा. अशा घरातून पहिलं मूल मेडिकलला लागतं तेव्हा त्याला वाट दाखवायला पुढे गेलेला कुणी नसतो.

सरकारी वाटही मध्येच बदलत गेली. जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांना शिक्षणात आणि नोकरीत पाच टक्के आरक्षण दिलं. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकरीतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातलं चालू ठेवायला मुभा दिली. पण अध्यादेशाचं कायद्यात रूपांतर झालं नाही आणि तो संपला. म्हणजे चंद्रपूरच्या पहिल्या तुकडीच्या वेळी न्यायालयाने मान्य केलेली सवलतही हातात उरली नव्हती. २०१७ पासून सरकारी जागांसाठीही नीट ही देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा आली. २०२० मध्ये सत्तर टक्के जागा त्या त्या विभागासाठी राखणारं सत्तर-तीसचं प्रादेशिक सूत्र रद्द झालं आणि चंद्रपूरच्या जागेसाठीही सबंध महाराष्ट्राशी झुंजावं लागलं. या दरम्यान एक गोष्ट मात्र पक्की झाली. हिफ्ज केलेला, म्हणजे कुराण पाठ केलेला मुलगा मेडिकलला जाऊ शकतो, हे बिदरच्या शाहीन संस्थेने हाफिज मुलांना नीटसाठी तयार करून दाखवून दिलं. आमच्या भागात त्याचा परिणाम आकड्यांपेक्षा आयांच्या बोलण्यात जास्त दिसला. मदरसा की शाळा असा वाद घालणाऱ्या बायका ‘आधी हे, मग ते’ असं बोलू लागल्या.

परीक्षेच्या दारातच काहींना ठेच लागली. जुलै २०२२ मध्ये नीटच्या दिवशी वाशिमच्या एका केंद्रावर हिजाब-बुरखा काढायला लावल्याची तक्रार मुलींनी केली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. खरं तर पारंपरिक पोशाख असणाऱ्यांनी लवकर यावं, तपासणी होईल आणि आत सोडलं जाईल, अशी सोय नियमांत आहे. नियम कागदावर असून दारावरच्या माणसाला तो ठाऊक नसेल, तर मुलीचा पेपर पहिल्या प्रश्नाआधीच बिघडतो. त्या वर्षी बकरी ईद आणि नीट यांच्यात एकाच आठवड्याचं अंतर होतं. चुलीवर मटण, पाहुण्यांची वर्दळ आणि आतल्या खोलीत दार लावून जीवशास्त्राची उजळणी करणारी मुलगी असं घर मी पाहिलं आहे. तिच्या आजीने आल्यागेल्याला सांगून ठेवलं होतं, ‘यंदा तिला ईद मुबारक रिझल्टनंतर द्या.’

ऑपरेशन थिएटरमधला प्रश्न वेगळा आणि जास्त खरा आहे. केरळमध्ये तिरुवनंतपुरमच्या मेडिकल कॉलेजातल्या विद्यार्थिनींनी २०२३ मध्ये लांब बाह्यांचा स्क्रब आणि डोकं झाकणारा सर्जिकल हूड मागितला, तेव्हा त्यावर देशभर गदारोळ झाला. डोक्याचं उत्तर सोपं आहे. हूड केस झाकतो, तो कुणीही घालावा. बाह्यांचं तसं नाही. कोपरापर्यंत हात धुणं हे रुग्णाच्या जिवाशी जोडलेलं आहे, आणि तिथे मी निःसंकोच हात धुण्याच्या बाजूने आहे. वॉश घेताना हात उघडे, गाऊन चढला की झाकलेले. मधली दोन-चार मिनिटं गरजेची आहेत आणि गरजेला शरीअतमध्ये जागा आहे. मी शिकत असताना हे मला कुणी शांतपणे समजावून सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. आता मी मुलींना सांगते.

रमजानबद्दल सविस्तरच लिहायला हवं, कारण या दहा वर्षांचा खरा कस तिथे लागला. चांद्रवर्ष सूर्यवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत फेरी पुरी करतो. चंद्रपूरच्या पहिल्या तुकडीला पहिला रमजान मिळाला तो जून २०१६ मध्ये, म्हणजे पाऊस यायच्या आधीच्या उकाड्यात, साडेचौदा तासांहून मोठा रोजा. मग तो मे महिन्यात शिरला. मे २०१९ मध्ये चंद्रपूरचा पारा ४८ अंशांच्या घरात पोचला, तो रमजानचाच महिना होता. बाहेरून येणाऱ्याला आमचा उन्हाळा सांगून कळत नाही. सकाळी अकरालाच गाडीचं हँडल धरवत नाही. त्या उन्हात वॉर्डात उष्माघाताचे रुग्ण यायचे, आणि त्यांना सलाइन लावणारी मुलं स्वतः पहाटे चारपासून पाण्याविना.

त्यांची रीत जवळून पाहण्यासारखी होती. राउंड आणि क्लिनिक उरकून दुपारी तासभर झोप, वाचन तरावीहच्या रात्रीच्या नमाजीनंतर, पहाटेची सहरी करूनच पुन्हा पाठ टेकायची. अपघात विभागात संध्याकाळची ड्युटी आली तर इफ्तारची वेळ आणि गर्दीची वेळ एकच. अशा एका संध्याकाळी मी रुग्णाला घेऊन गेले होते. ड्युटीवरचा मुलगा ट्रकच्या धडकेतल्या माणसाच्या कपाळाला टाके घालत होता. अजान झाली, त्याने मान वर केली नाही. वॉर्डातल्या मावशींनी शेजारी येऊन त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली, म्हणाल्या, ‘दोन घोट घे बाप्पा, हात तुझे चालू दे.’ त्याने दोन घोट घेतले आणि पुढचा टाका घातला. मगरिबची नमाज नंतर पढला.

नमाजांचा हिशेब असाच. आमच्याकडे बहुतेक हनफी, आणि हनफी मसलकात दोन नमाजा एकत्र पढायची सवलत जवळजवळ नाही. शस्त्रक्रिया लांबली की दुपारची जुहर हुकते, मग ती कजा करायची, म्हणजे नंतर भरून काढायची. जुम्मा सगळ्यांत अवघड, कारण तो जमातीनेच होतो आणि शुक्रवारची ओपीडी वेळेवर संपेल याचा भरवसा नाही. पण इथेच सोबत्यांची किंमत कळते. आमच्या जिल्ह्यात शंभरातले तेरा बौद्ध. बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरातच दीक्षा दिली, म्हणून इथल्या दीक्षाभूमीवर दरवर्षी १५-१६ ऑक्टोबरला मोठा सोहळा असतो. त्या दोन दिवसांची ड्युटी मुस्लिम मुलं मागून घेतात, आणि ईदची ड्युटी बौद्ध मुलं. पोळ्याला शेतकऱ्यांच्या पोरांना गावी जायचं असतं, तिथेही हीच देवघेव. हे कुणी ठरवून दिलं नव्हतं, मुलांनीच बसवलं. ईदचा पेच वेगळाच: एकोणतिसावा चाँद दिसला तर ईद उद्या, नाहीतर परवा, आणि तक्ता मात्र महिनाभर आधी लागलेला. २०२५ मध्ये ३० मार्चला गुढीपाडवा आणि ३१ ला ईद आली. पाडव्याच्या संध्याकाळी चाँद दिसल्याचं कळल्यावर फोनाफोनी करून ड्युट्या बदलल्या गेल्या.

घेण्यासारखं असतं तसं देण्यासारखंही असतं. मोहल्ल्यात एक पोरगं मेडिकलला लागलं की पहिल्या वर्षापासून त्याला सगळे डॉक्टरच धरतात. साखरेचे रुग्ण रोजा सोडायला तयार नसतात आणि बोटातून रक्त काढलं तर रोजा तुटेल या भीतीने तपासणीही टाळतात. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०१६ मध्ये यासाठी मार्गदर्शिका काढली: बोटाच्या टोचण्याने रोजा तुटत नाही, साखर सत्तरच्या खाली किंवा तीनशेच्या वर गेली तर रोजा सोडायचा. आमच्या इथल्या एका तिसऱ्या वर्षाच्या मुलाने ते उर्दूत उतरवून इमामसाहेबांकडे नेलं. त्यांनी वाचलं, दोन शंका विचारल्या आणि रमजानआधीच्या शाबान महिन्यातल्या शेवटच्या जुम्म्याला खुतब्याआधी स्वतःच सांगितलं. आजाऱ्याला रोज्यातून सूट कुराणानेच दिली आहे, हे माझ्यासारखीने वर्षानुवर्षं सांगूनही न ऐकणारे करीमचाचा त्या दिवशी घरी जाऊन ग्लुकोमीटर शोधू लागले. माझ्या दवाखान्यात त्या रमजानात साखर उतरून बेशुद्ध झालेला रुग्ण आला नाही.

मुलींच्या लग्नाचा विषय आल्यावर माझा आवाज चढतो, तो चढू दे. घराजवळ कॉलेज आलं म्हणून कितीतरी मुलींना बाप पाठवायला तयार झाले, हे या दहा वर्षांचं सगळ्यांत मोठं फळ. पण जवळ राहण्याची किंमतही त्यांनीच भरली. होस्टेलवरचा मुलगा खालाच्या मुलीच्या हळदीला आला नाही तर चालतं. घरून जाणारी मुलगी पेपर उद्या असला तरी वलीम्याला दिसली पाहिजे. तिसऱ्या वर्षापासून रिश्ते सुरू होतात. डॉक्टर सून हवी, पण नाईट ड्युटी करणारी नको, असं म्हणणारी माणसं मला आजही भेटतात. इंटर्नशिप संपेपर्यंत थांबा, एवढंच मी आयांना सांगते. ज्या थांबल्या त्यांच्या मुली आज एमडी, डीजीओ करताहेत. दोघी थांबल्या नाहीत, त्यांच्या मुलींच्या पदव्या घरात फ्रेममध्ये आहेत.

पैशाचा पेच बाहेरच्यांना फारसा दिसत नाही. बँकेचं कर्ज म्हणजे व्याज, आणि कित्येक घरं व्याजाला हात लावत नाहीत. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं कर्ज अल्प व्याजाचं, तरी व्याजाचंच. मग जकातीतून फी निघते, चार घरं मिळून एक वर्ष उचलतात. जकात म्हणजे बचतीचा चाळिसावा हिस्सा. तो कुठे खर्चावा यावर आमच्याकडे पूर्वी चर्चा होत नसे, आता होते.

मार्च २०२० मध्ये पहिली तुकडी इंटर्नशिपच्या उंबरठ्यावर होती. दिल्लीतल्या तबलिगी जमातच्या निजामुद्दीन मरकजमधून कोरोना पसरल्याची बातमी आली आणि अचानक नाव हाच आजार झाला. विदर्भातल्या एका रुग्णालयात ओळखीच्या मुलीच्या अ‍ॅप्रनवरचं नाव वाचून रुग्णाच्या नातेवाइकाने दुसरा डॉक्टर मागितला. तिच्या वरिष्ठांनी सांगितलं, ‘हीच तपासेल, नाहीतर कुणीच नाही.’ ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं, पण तोवर त्या मुलीचा तो उन्हाळा निघून गेला होता. त्या रमजानात मशिदी बंद, तरावीह घरात, ईदगाहावर शुकशुकाट. पीपीई किटमध्ये सहा-सहा तास घामाने निथळत काम करायचं म्हणून अनेकांनी रोजे सोडले आणि डिसेंबर-जानेवारीत कजा केले. मला त्यात काही कमीपणा वाटला नाही, त्यांनाही वाटू दिला नाही.

दुसरी लाट एप्रिल २०२१ मध्ये रमजानबरोबरच आली. खाटा नाहीत, ऑक्सिजन नाही. नागपूरचे वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी स्वतःच्या खर्चाने ऑक्सिजनचे टँकर आणवले आणि सरकारने पैसे देऊ केले तेव्हा ही माझी जकात आहे म्हणून नाकारले. लसीने रोजा तुटतो का, हा प्रश्न त्याच महिन्यात घरोघर होता. नव्याने डॉक्टर झालेल्या पोरांनी स्वतः रोज्यात टोचून घेऊन वडीलधाऱ्यांना रांगेत उभं केलं.

त्यानंतर बंधपत्राची सेवा. एमबीबीएसनंतर वर्षभर सरकारी नोकरी, आणि आमच्याकडे ती बहुधा जिवती, धानोरा, एटापल्ली, भामरागड अशा ठिकाणी. मशीद लांब, जुम्मा महिनोन्‌महिने नाही, त्या भागातला मलेरिया आणि सिकलसेल मात्र पुस्तकाबाहेर येऊन समोर बसलेले. सिरोंचा गडचिरोलीपासून दोनशेहून जास्त किलोमीटर. तिथे नेमलेल्या एका मुलाला तेलुगू येत होती म्हणून सीमेवरचे रुग्ण त्यालाच शोधत यायचे. माडिया बोली त्याने आशाताईंकडून शिकून घेतली. ईदला आईने शीरखुर्म्याचा सुका मेवा एसटीने पाठवला, तो त्याने उपकेंद्रातच शिजवला आणि रुग्णांच्या नातेवाइकांसकट सगळ्यांनी खाल्ला.

९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात गडचिरोली होतं. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळ्या निघालेल्या जिल्ह्याला चार दशकांनी स्वतःचं कॉलेज मिळालं. तिथली पहिली तुकडी २०३० च्या सुमाराला इंटर्न होईल. त्या एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होणार आहे, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. दिवस लहान, ऊन नाही, पण जंगलातल्या उपकेंद्रात पहाटेच्या थंडीत सहरीला चूल पेटवावी लागेल. ड्युटीचा तक्ता लावणाऱ्याने या तारखा आतापासून लिहून ठेवायला हरकत नाही.