‘प्रकृती स्थिर आहे’ म्हणजे नेमके काय?

अतिदक्षता विभागातील रुग्णाविषयी डॉक्टर ‘प्रकृती स्थिर आहे’ असे सांगतात तेव्हा रक्तदाब, नाडी आणि रक्तातील प्राणवायू हे यंत्रांच्या व औषधांच्या आधाराने गेल्या काही तासांत ढळलेले नाहीत, एवढेच त्यांना बहुधा म्हणायचे असते. बाहेरच्या बाकावर बसलेले नातेवाईक मात्र त्याच वाक्यावरून धोका टळल्याचे समजून गावाकडे तसा फोनही करतात. दुसऱ्या दिवशी प्रकृती बिघडली की आदल्या दिवशीचे ते वाक्य त्यांना फसवणूक वाटू लागते.

या विसंवादाची मोजदाद फ्रान्समध्ये झाली आहे. एली अझुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, डॉक्टरांशी बोलणे होऊनही 54 टक्के नातेवाइकांना निदान, उपचार किंवा रोगाची संभाव्य वाटचाल यांपैकी काही ना काही नीट कळलेले नव्हते. नातेवाइकांची भाषा वेगळी असणे हे त्यामागचे एक कारण होते, तसेच डॉक्टरांबरोबरची पहिली भेट दहा मिनिटांहून कमी वेळात आटोपणे हेही होते. म्हणजेच न कळण्याचा सगळा दोष ऐकणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

गैरसमजाचे मूळ बहुतेक वेळा एकाच गोष्टीत सापडते. अतिदक्षता विभागातील यंत्रे प्रामुख्याने अवयवांना आधार देतात, ती मूळ रोग बरा करत नाहीत. 1952 मध्ये कोपनहेगन येथे पोलिओची साथ आली असता श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून, वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने रबरी पिशवी हाताने दाबत त्यांचा श्वास चालू ठेवला, आणि ब्यॉर्न इब्सेन यांच्या या प्रयोगातून आधुनिक अतिदक्षता विभागाची कल्पना आकाराला आली. त्या पिशवीने पोलिओ बरा होत नव्हता. शरीर सावरेपर्यंतचा अवधी मात्र मिळत होता. आजचा व्हेंटिलेटरही हेच काम करतो. न्यूमोनियात जंतूंविरुद्ध लढतात ती प्रतिजैविके आणि रुग्णाची स्वतःची प्रतिकारशक्ती, तर व्हेंटिलेटर दरम्यान श्वासाचा भार उचलतो. रक्तदाब टिकवणारी औषधे आणि मूत्रपिंडाचे काम करणारे डायलिसिस यांनाही हेच तत्त्व लागू पडते. त्यामुळे ‘व्हेंटिलेटर लावला म्हणजे सगळे संपले’ ही समजूत जितकी चुकीची आहे, तितकीच ‘व्हेंटिलेटर आहे म्हणजे वाचणारच’ हीही.

नळी सहन व्हावी म्हणून गुंगीचे औषध दिले जाते. त्या गुंगीमुळे रुग्ण हाकेला ओ देत नाही, आणि नातेवाईक त्याला कोमा समजतात. कोमा ही मेंदूच्या विकारामुळे किंवा इजेमुळे आलेली दीर्घ बेशुद्धी असते व तिच्यातून काही रुग्ण बाहेर येतात. मेंदूमृत्यू मात्र कायद्याने मृत्यूच मानला जातो. भारतातील अवयवप्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करून तो प्रमाणित करायचा असतो. यंत्रामुळे छाती हलत राहते आणि हृदयाचे ठोकेही चालू असतात. म्हणून ‘मेलेल्या माणसाला बिलासाठी यंत्रावर ठेवले’ हा संशय अशा वेळी सहज मूळ धरतो, आणि तो फिटण्यासाठी तपासण्यांचा अर्थ प्रत्येक टप्प्यावर सांगावा लागतो.

समजावून सांगण्याची रीत बदलली तर फरक पडतो, हे फ्रान्समधीलच 22 अतिदक्षता विभागांत झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून दिसले. तिथे मरणासन्न रुग्णांच्या नातेवाइकांशी ठरवून सविस्तर बैठक घेण्यात आली व त्यांना एक माहितीपत्रक देण्यात आले. नेहमीच्या बैठकीत नातेवाईक सुमारे 5 मिनिटे बोलत असत, ते या बैठकीत सुमारे 14 मिनिटे बोलले. आणि तीन महिन्यांनंतर मानसिक आघाताची लक्षणे त्यांच्यात 45 टक्के, तर नेहमीच्या पद्धतीच्या गटात 69 टक्के आढळली. डॉक्टरांनी अधिक सांगण्याइतकेच अधिक ऐकणेही महत्त्वाचे ठरले, हा या आकड्यांचा अर्थ आहे.

म्हणून कुटुंबाने डॉक्टरांशी बोलण्यासाठी शक्यतो एकच व्यक्ती नेमावी, आणि रोज तीन प्रश्न लिहून न्यावेत: कोणत्या अवयवाला आधार दिला जात आहे, तो आधार कालपेक्षा वाढला की घटला, आणि मूळ रोगावर उपचार लागू पडत आहे का. डॉक्टरांनीही ‘समजले ना?’ एवढेच विचारून थांबू नये, कारण त्या प्रश्नाला सगळेच होकार देतात. काय समजले ते नातेवाइकांना त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावे.